जास्त ठोसे मारूनही माणूस हरतो कसा? बॉक्सिंगचं स्कोअरिंग, एकदाच नीट

२९ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक. आपली मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया, ५१ किलो गट, तीन राऊंडची फाईट. पहिला राऊंड व्हॅलेन्सियाला गेला, दुसरा मेरीला, तिसराही मेरीला. तीनपैकी दोन राऊंड मेरीचे, आणि जिंकली कोण, तर व्हॅलेन्सिया.

मेरीला स्वतःलाच वाटत होतं की आपण जिंकलो, निकाल उलटा लागलाय हे तिच्या डोक्यात शिरलं ते नंतर. माजी क्रीडामंत्री किरेन रिजिजूंनीही ट्वीट केलं की आमच्यासाठी तूच जिंकलीस, जजांचा हिशोब वेगळा. मग काय, दिवसभर टाईमलाईनवर 'लूट', 'सेटिंग', 'भारताविरुद्ध कट' हेच चालू होतं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये ७१ किलोत निशांत देव क्वार्टर फायनलला मेक्सिकोच्या मार्को व्हर्देकडून ४-१ नं हरला, मेडल एका फाईटनं हुकलं, तेव्हा हीच रेकॉर्ड पुन्हा वाजली. ज्याच्या गळ्यात स्वतःचं ऑलिम्पिक मेडल आहे तो विजेंदर सिंगसुद्धा म्हणाला की ही स्कोअरिंग सिस्टीम काय आहे कळत नाही. विजेंदरला कळत नसेल तर आपण कोण!

पण खरं सांगू का, सिस्टीम तेवढी अवघड नाहीये. चिडचिड होते ती दुसऱ्याच कारणानं, आपण एक गोष्ट बघत असतो आणि जज दुसरीच मोजत असतात. मेरीचं कोडं शेवटाकडे सोडवतो, कारण आधी थोडी बेरीज-वजाबाकी लागेल.

## दहा आणि नऊ, बाकी काही नाही

राऊंड संपला की प्रत्येक जज त्या राऊंडचा निकाल लावून टाकतो. जो जिंकला त्याला १०, हरला त्याला ९. कोणी एकदा खाली पडला (याला नॉकडाऊन म्हणतात) तर साधारण १०-८, दोनदा पडला तर १०-७. फाऊल केला तर रेफ्रीच्या सांगण्यावरून एखादा पॉईंट कापला जातो. राऊंड अगदीच बरोबरीचा वाटला तर १०-१० देता येतं, पण जजांना ते आवडत नाही, निवड करायलाच तर तुला बसवलंय असं त्यांना शिकवलेलं असतं.

प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये मोठी फाईट १२ राऊंडची आणि जज तीन. ऑलिम्पिकमध्ये राऊंड तीन आणि जज पाच. प्रत्येक जजचं स्वतःचं कार्ड असतं, एकमेकांत बोलायचं नाही. शेवटी प्रत्येकाच्या कार्डाची बेरीज होते, त्या कार्डावर जो पुढे त्याला त्या जजचं एक मत. प्रोफेशनलमध्ये तिन्ही जज एका बाजूला गेले तर युनॅनिमस डिसिजन, दोन विरुद्ध एक असेल तर स्प्लिट, आणि दोन एका बाजूला पण तिसऱ्याकडे बरोबरी असेल तर मेजॉरिटी. एवढे तीन शब्द पुरेत.

एक छोटी ट्रिक सांगतो, पुढे कामाला येईल. १२ राऊंडच्या फाईटमध्ये कोणी पडलं नाही, पॉईंट कापले नाहीत, तर हरणाऱ्यालाही प्रत्येक राऊंडचे ९ मिळतातच, म्हणजे बारा नव्वे १०८ खिशात. तेव्हा कोणताही स्कोअर दिसला की त्यातून १०८ वजा करायचे, राहिले तेवढे राऊंड तो जिंकला. ११५ म्हणजे ७ राऊंड, ११४ म्हणजे ६, ११८ म्हणजे तब्बल १०.

## राऊंड म्हणजे वॉर्ड

सगळा घोळ इथे आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक डोळ्यांसमोर आणा. एका पॅनेलनं दोन वॉर्ड पाचशे-पाचशे मतांनी मारले आणि बाकीचे पाच वॉर्ड दहा-वीस मतांनी घालवले, तर गावात मतं त्यांची जास्त, पण सत्ता समोरच्याची. मतदानाच्या दिवशी रस्त्यावर गर्दी कोणाची दिसत होती याला काही अर्थ नाही.

बॉक्सिंगमध्ये अगदी हेच होतं. एखाद्यानं तिसऱ्या राऊंडला समोरच्याला तीन मिनिटं धुतला, नुसता धुतला, पण तो पडला नाही, तर जज बहुतेक वेळा १०-९ च देतो. पुढच्या राऊंडला समोरचा जेमतेम दोन ठोसे जास्त मारून गेला, तर तोही १०-९. झाली बरोबरी! आपल्या डोक्यात मात्र तो धुतलेला राऊंड राहतो आणि फाईट संपल्यावर आपण म्हणतो 'एकूणात बघितलं तर हाच भारी होता'. असेलही, पण 'एकूणात' असा कॉलमच कार्डावर नाहीये. नियम तसाच आहे, पटो न पटो. मला स्वतःला वाटतं की एकतर्फी राऊंडला नॉकडाऊन नसतानाही १०-८ जास्त मोकळ्या हातानं द्यायला पाहिजे, नियमात त्याला जागा आहे, पण जज कचरतात.

## मग राऊंड जिंकला कसा ठरवतात?

प्रोफेशनलमध्ये चार गोष्टी बघतात. पहिली आणि सगळ्यात वजनदार म्हणजे स्वच्छ आणि परिणाम करणारे ठोसे. दुसरी, कामाची आक्रमकता, म्हणजे नुसतं पुढे पुढे जाणं नाही, पुढे जाऊन काहीतरी साधणं. तिसरी, रिंगवर हुकूमत, फाईट कोणाच्या मर्जीनं चाललीये. चौथी, बचाव. ऑलिम्पिकमध्ये शब्द थोडे वेगळे आहेत पण गाभा तोच, दर्जेदार ठोसे किती, तंत्रानं कोण वरचढ, लढत कोण देतंय.

आता यात गंमत बघा. एक बॉक्सर सतत पुढे येतोय, जॅब मारतोय (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, हलका ठोसा), समोरच्याला दोरांपाशी ढकलतोय. दुसरा मागे सरकतोय पण त्याचे ठोसे चुकवून मधूनच एखादा सणसणीत हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) बरगड्यांवर किंवा जबड्यावर बसवतोय. राऊंड कोणाचा? एक जज म्हणेल पहिल्याचा, तो काम करत होता. दुसरा म्हणेल दुसऱ्याचा, त्याचे ठोसे 'लागत' होते. दोघंही नियम पाळूनच बोलतायत. याच वर्णनाची फाईट प्रत्यक्षात झाली आणि तिच्यावर बॉक्सिंगवाले आजही भांडतात.

## कॅनेलो-गोलोव्हकिन, १६ सप्टेंबर २०१७

लास व्हेगास, टी-मोबाईल अरिना. मेक्सिकोचा लाडका कॅनेलो अल्वारेझ विरुद्ध कझाकस्तानचा गेनाडी गोलोव्हकिन, फॅन्स त्याला ट्रिपल जी म्हणतात. आपल्याकडे रविवार सकाळ, कारण व्हेगासची शनिवार रात्र म्हणजे आपली पोह्यांची वेळ. गोलोव्हकिन बाराही राऊंड पुढे येत राहिला, कॅनेलो बराच वेळ दोरांना पाठ लावून काउंटर (समोरच्याच्या ठोशाला उलटा ठोसा) मारत राहिला, आणि शेवटच्या तीन राऊंडमध्ये जोर लावला.

निकाल ड्रॉ. तीन जज, तीन वेगळी उत्तरं. डेव्ह मोरेट्टी ११५-११३ गोलोव्हकिन. डॉन ट्रेला ११४-११४. आणि अॅडलेड बर्ड ११८-११०, कॅनेलोला.

१०८ वजा करा आता. मोरेट्टी म्हणतो गोलोव्हकिन सात राऊंड जिंकला, ट्रेला म्हणतो सहा. म्हणजे या दोघांमध्ये फरक फक्त एका राऊंडचा! लोक ओरडतात 'एक म्हणतो जिंकला, दुसरा म्हणतो ड्रॉ, हा काय तमाशा', पण प्रत्यक्षात दोघांनी जवळपास तीच फाईट बघितली होती, एक राऊंड इकडचा तिकडे झाला की निकालाचं नावच बदलतं. बर्डबाईंच्या कार्डावर मात्र गोलोव्हकिनचे बारापैकी दोनच राऊंड. त्यावर येतोच.

माझं कार्ड विचाराल तर ११५-११३ गोलोव्हकिन, मोरेट्टीसारखंच. कोणी ११६-११२ म्हणालं तरी मी भांडणार नाही, एचबीओ या अमेरिकन चॅनेलवर अनऑफिशियल स्कोअर देणाऱ्या हॅरल्ड लेडरमनचं तेच होतं.

## "पण ठोसे तर त्यानंच जास्त मारले ना!"

हा सगळ्यात आवडता मुद्दा, आणि लगेच कॉम्प्युबॉक्सचा (फाईटमधले ठोसे मोजणारी कंपनी) स्क्रीनशॉट येतो. त्या रात्रीचे आकडे असे: गोलोव्हकिनचे ७०३ पैकी २१८ ठोसे लागले, कॅनेलोचे ५०५ पैकी १६९. विषय संपला?

नाही संपला. ते २१८ फोडून बघा, त्यात १०८ जॅब आहेत. कॅनेलोचे जॅब ५५. जॅब सोडून बाकीचे जोरकस ठोसे, ज्यांना ते लोक पॉवर पंचेस म्हणतात, ते गोलोव्हकिनचे ११० आणि कॅनेलोचे ११४. म्हणजे जो जज जोरदार ठोशांना जास्त वजन देतो त्याच्यासाठी फाईट बरोबरीची, आणि जो जॅबच्या दबावालाही मोल देतो त्याच्यासाठी गोलोव्हकिनची.

शिवाय हे आकडे कुठून येतात हे कितीजणांना माहितीये? कुठलंही सेन्सर वगैरे नसतं. दोन माणसं बसलेली असतात, प्रत्येकाच्या वाट्याला एक बॉक्सर, आणि ती डोळ्यांनी बघून बटणं दाबतात, जॅब लागला, जॅब हुकला, पॉवर लागला, पॉवर हुकला. म्हणजे जजांच्या डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून आपण दुसऱ्या दोघांचे डोळे पुरावा म्हणून दाखवतोय. आणि ठोसा किती जोरात लागला, समोरच्याचे पाय लटपटले का, याचा त्यात रकाना नाही. आकडे उपयोगी आहेत, मी पण बघतो, पण एकूण बेरीज नाही, राऊंडवार बघायची.

## "तीन जज, तीन उत्तरं, म्हणजे फिक्सच"

जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात, मुद्दामच. बॉक्सरची पाठ तुमच्याकडे असेल तर पोटात बसलेला ठोसा तुम्हाला दिसतच नाही, फक्त दंड हललेला दिसतो. समोरच्या बाजूच्याला तोच ठोसा आरपार दिसतो. आवाजही फसवतो, ग्लोव्हवर अडवलेला ठोसा कधीकधी लागलेल्या ठोशापेक्षा मोठा वाजतो, आणि त्यात वीस हजार लोक आपल्या माणसाच्या हवेतल्या ठोशालाही 'ओएऽऽ' करत असतात. जजला रिप्ले नाही. मिनिटभराच्या ब्रेकमध्ये कार्ड लिहून द्यायचं.

आणि आपण? आपण वरच्या कोनातून झूम केलेला कॅमेरा बघतो, स्लो मोशन बघतो, आणि सगळ्यात घातक म्हणजे कॉमेंट्री ऐकतो. कॉमेंटेटर एकदा का कोणाच्या प्रेमात पडला की त्या बाजूचा प्रत्येक ठोसा 'काय जबरदस्त!' आणि दुसऱ्याचा ठोसा लागला तरी तो कालच्या ट्रेनिंग कॅम्पच्या गोष्टी सांगत बसतो. चार राऊंडात आपलं मत तयार, आणि ते आपलं स्वतःचं आहे असं आपल्याला वाटतं.

तेव्हा अटीतटीच्या फाईटमध्ये ११५-११३ इकडे आणि ११५-११३ तिकडे आलं तर त्यात काही काळंबेरं असायलाच पाहिजे असं नाही, दोन राऊंड इकडचे तिकडे झाले एवढंच.

## म्हणजे सगळेच जज साधू का? अजिबात नाही

११८-११० चं समर्थन मी करणार नाही. स्प्लिट निकाल आणि वाईट कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॅन्स दोन्हींची भेळ करतात. कार्ड वाईट आहे का हे बघायला एकच करायचं, ते बाकीच्या दोघांपासून किती लांब आहे ते मोजायचं. बर्डबाई ट्रेलापासून चार राऊंड लांब, मोरेट्टीपासून पाच. अटीतटीचे सगळे राऊंड एकाच बाजूला दिले तरच असं कार्ड निघतं, आणि नाणं सारखं छापाच पडायला लागलं तर माणूस नाण्याकडे बघणारच. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडाच्या बॉक्सिंग कमिशननं नंतर त्यांना काही काळ मोठ्या फाईट्सपासून लांब ठेवलं.

हे जुनंच दुखणं आहे. १९८७ मध्ये मार्विन हॅगलर विरुद्ध शुगर रे लेनर्ड झाली, एका जजनं ११५-११३ हॅगलर, दुसऱ्यानं ११५-११३ लेनर्ड, आणि तिसऱ्यानं ११८-११० लेनर्ड. तोच ११८-११०! आणि गंमत म्हणजे ११५-११३ लेनर्ड देणारा जज कोण, तर तोच डेव्ह मोरेट्टी, तीस वर्षं आधीचा. हॅगलर त्या निकालानंतर पुन्हा कधी लढलाच नाही. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईसनं होलिफिल्डला एवढे ठोसे मारले (३४८ विरुद्ध १३०) की होलिफिल्डच्या बाजूनं कार्ड आलेलं बघून लोक हसायचे की रडायचे तेच कळेना, तीही ड्रॉ.

ऑलिम्पिकचं तर विचारूच नका. १९८८ सोल, अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनिअर फायनलला यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनविरुद्ध, ठोसे ८६ विरुद्ध ३२, आणि निकाल ३-२ पार्कला. पुढे २०२३ मध्ये पार्कनं स्वतः जाऊन ते गोल्ड मेडल जोन्सच्या हातात दिलं.

## "मग मशीन लावा ना सरळ"

लावलं होतं की. सोलच्या लाजेनंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून कॉम्प्युटर स्कोअरिंग आलं. पाच जजांपुढे बटणं, ठोसा लागलेला दिसला की दाबायचं, आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच पॉईंट. ऐकायला किती निर्मळ! झालं काय, तर हलकासा टपली-ठोसा आणि माणूस आडवा करणारा ठोसा यांना एकच पॉईंट. पोटातले ठोसे जजांना पटकन दिसत नाहीत म्हणून मोजलेच जाईनात, म्हणून बॉक्सर्सनी ते मारायचे सोडले, टपल्या मारून लीड घ्यायची आणि पळायचं असा खेळ झाला. बीजिंगला विजेंदरचं ब्राँझ आणि लंडनला मेरीचं ब्राँझ याच पद्धतीतलं.

आणि वाद थांबले का? २०१२ लंडनमध्ये आपल्या विकास कृष्णनला अमेरिकेच्या एरोल स्पेन्सविरुद्ध १३-११ नं विजयी जाहीर केलं, काही तासांनी अपील होऊन निकाल फिरला, विकासनं धरपकडीचे फाऊल केले होते आणि माऊथगार्ड मुद्दाम थुंकला होता असं म्हणत स्पेन्सला चार पॉईंट वाढवून दिले, १५-१३. बटणं दाबणारीही माणसंच आणि फाऊल पकडणारीही माणसंच. लंडननंतर ती पद्धत गुंडाळली आणि प्रोफेशनलसारखं दहा-नऊ आलं.

आता एआय. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला ओलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्युरी या हेवीवेट बॉक्सर्सच्या दुसऱ्या फाईटला प्रयोग म्हणून एआय जज ठेवला होता, निकालात धरायचा नव्हता. तिन्ही माणसांनी ११६-११२ उसिक दिलं, एआयनं ११८-११२. बेरीज करून बघा, २३० येते, आणि १२ राऊंड १०-९ असते तर २२८ यायला हवी. म्हणजे मशीननं दोन राऊंड सरळ १०-१० देऊन टाकले. जे करायला जज कचरतात ते मशीननं बिनधास्त केलं, आणि मला यात थोडं तथ्य वाटतं. जिथे राऊंड खरंच कोणाचा नाही तिथे एकाला ओढूनताणून १०-९ द्यायला लावणं, भांडणाचं मूळ निम्मं तर तिथेच आहे.

## "चॅम्पियनकडून बेल्ट हिसकावूनच घ्यावा लागतो"

हे वाक्य कॉमेंट्रीत हमखास असतं. नियमात कुठेही नाही. राऊंड शून्यापासून सुरू होतो, कमरेला बेल्ट कोणाच्या आहे याला मार्क नाहीत.

## आता मेरीचं कोडं

तीन राऊंड, पाच जज, म्हणजे एकूण १५ चौकोन भरायचे. पहिला राऊंड व्हॅलेन्सियाला ४-१. दुसरा मेरीला ३-२. तिसरा मेरीला ३-२. मोजा, व्हॅलेन्सियाचे ४ अधिक २ अधिक २, म्हणजे ८. मेरीचे १ अधिक ३ अधिक ३, म्हणजे ७.

दिसलं? 'मेरी दोन राऊंड जिंकली' हे आपण टीव्हीवर प्रत्येक राऊंडला पाच जजांचं बहुमत बघून म्हणतो. पण निकाल राऊंडच्या बहुमतावर नाही, जजच्या कार्डावर लागतो. पहिल्या राऊंडनंतर चार कार्डांवर व्हॅलेन्सिया पुढे होती. त्या चौघांपैकी तिघांकडून तिला उरलेल्या दोन राऊंडमधला फक्त एकेक हवा होता, तिघांच्या कार्डावर तिचे दोन राऊंड झाले की विषय संपला. मेरीला मात्र त्या चौघांपैकी किमान दोघांकडून उरलेले दोन्हीच्या दोन्ही राऊंड हवे होते. जे झालं ते ३-२ व्हॅलेन्सिया.

यात चोरी नाही, गणित आहे. पहिला राऊंड ४-१ हा बरोबर होता का, हा प्रश्न जरूर विचारा, तो खरा प्रश्न आहे. तीन राऊंडच्या फाईटमध्ये सावध सुरुवात करून चालत नाही, बारा राऊंडवाला तीन राऊंड अंदाज घेण्यात घालवू शकतो, इथे तेवढ्यात फाईट संपते.

## घरी बसून स्कोअर लावायचा असेल तर

आवाज बंद करा, कॉमेंट्री अजिबात नको. कागदावर बारा ओळी. राऊंड संपल्याची घंटा झाली की लगेच आकडा लिहायचा, मित्राला विचारायच्या आधी, रिप्ले बघायच्या आधी, आणि नंतर खाडाखोड नाही. ज्या राऊंडला हात थबकला त्याच्यापुढे फुली मारायची. शेवटी बेरीज करायची आणि मग फुल्या मोजायच्या. तीन फुल्या असतील आणि तुमचं कार्ड ११५-११३ असेल, तर ते तीन राऊंड तुम्ही कोणाला दिले होते त्यावर ड्रॉ किंवा अगदी उलटा निकालही तुम्हाला गिळावा लागू शकतो.

सुरुवातीला कॅनेलो-गोलोव्हकिनच घ्या, तिन्ही फाईट्स. पहिली वर सांगितली. दुसरी, सप्टेंबर २०१८, दोन जज ११५-११३ कॅनेलो आणि एक ११४-११४, याही वेळी गोलोव्हकिनचेच ठोसे जास्त (२३४ विरुद्ध २०२), पण यावेळी मागे सरकत होता तो गोलोव्हकिन आणि पुढे येत होता कॅनेलो, म्हणजे पहिल्या फाईटला 'पुढे येणाऱ्याला मार्क द्या' म्हणणाऱ्यांची पंचाईत. तिसरी २०२२ ची, तिच्यात गोलोव्हकिन चाळिशीचा आणि बराच थकलेला, बहुतेकांना कॅनेलो आरामात जिंकलेला दिसला. तिचंही कार्ड लावून मग जजांची बघा, तिघांपैकी दोघांनी पुन्हा ११५-११३ च दिलंय.